शेवट न लिहिलेली नाटकं

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९६७ साली काही छोटी नाटकं झाली. प्रेक्षक अठरा पोलिस. नट व्यावसायिक, तयारी पक्की आणि विषय घरातलं भांडण. आवाज चढत जातात, जुनी उणीदुणी निघतात, आता हात उचलला जाणार असं वाटतं आणि नेमकी तिथेच संहिता संपते. पुढचं लिहिलेलंच नाही. प्रेक्षकांतले दोन पोलिस उठायचे, दारातून आत यायचे, आणि ते काय बोलतात, कुठे उभे राहतात, कोणाकडे आधी बघतात त्यावरून नट पुढचं नाटक तिथल्या तिथे उभं करायचे. मग तेच नाटक पुन्हा पहिल्यापासून. नट तेच, भांडण तेच, आत येणारी जोडी मात्र दुसरी. शेवट वेगळा व्हायचा.

मी नाटकातली बाई. पोलिसांच्या प्रशिक्षणाशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. उत्स्फूर्त अभिनयावर काहीतरी वाचताना हा प्रसंग एका तळटीपेत सापडला आणि मी त्या तळटीपेच्या मागे लागले. कारण तालमीत आम्ही असं करतो तेव्हा एक गोष्ट हमखास कळते. जो उशिरा आत येतो त्याला वाटतं, आपण प्रवेश सोडवायला आलो. पण तो आल्या क्षणी प्रवेश त्याच्याबद्दलचा होऊन जातो. आतले दोघे आपसातलं सोडून त्याच्याशी बोलू लागतात, त्याला आपापल्या बाजूला ओढतात, नाहीतर दोघे मिळून त्याच्यावरच उलटतात. अंगावर गणवेश आणि कमरेला पिस्तूल असेल तर हे किती पटींनी होत असेल!

हा उद्योग मॉर्टन बार्ड या मानसशास्त्रज्ञांचा. त्यांचा मुद्दा असा की माणसाच्या घरात आकांत माजतो तेव्हा तो मानसोपचारतज्ज्ञाला फोन करत नाही, पोलिसांना करतो. रात्री दोन वाजता बोलावल्यावर, पैसे न घेता, घरी येणारा दुसरा आहे कोण? म्हणजे पोलिस हे काम आधीपासून करतच आहेत. फक्त ते कसं करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, आणि त्यांना स्वतःलाही ते आपलं खरं काम वाटत नाही. खरं काम म्हणजे चोर पकडणं. नवरा-बायकोच्या भांडणाचा कॉल आला की गाडीतला ज्येष्ठ कपाळाला आठ्या घालतो आणि नवखा त्या आठ्या शिकतो. ही शिकवणी कुठल्याही अकादमीत लागत नाही, पण तिच्याइतकी पक्की बसणारी दुसरी शिकवणी नसावी.

प्रयोगासाठी हद्द निवडली न्यूयॉर्कच्या वेस्ट हार्लेममधल्या ३०व्या प्रीसिंक्टची, म्हणजे पोलिस ठाण्याची. लोकवस्ती साधारण ८५ हजार. तीनच वर्षांपूर्वी, १९६४च्या जुलैत, एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पोलिस अधिकाऱ्यानं गोळी घातली तेव्हा हार्लेम पेटलं होतं. अशा वस्तीत पोलिसानं दार वाजवलं की घरातल्या भांडणात आणखी एक जुनं भांडण आत येणार हे उघड होतं. स्वेच्छेनं पुढे आलेल्यांतून अठरा जण घेतले, नऊ गोरे आणि नऊ कृष्णवर्णीय. अठराही पुरुष. अमेरिकेत गस्तीच्या गाडीवर पहिल्यांदा दोघी जणी नेमल्या गेल्या त्या १९६८ साली, इंडियानापोलिसमध्ये. त्यामुळे घरातल्या बाईशी बोलायला बाई पाठवावी हा विचार या प्रयोगात नाही. त्या काळाच्या मानानं तो नसणं समजण्यासारखं आहे, पण वाचताना टोचतं.

प्रशिक्षण १६० तासांचं, सलग महिनाभर. व्याख्यानं, सामाजिक संस्थांना भेटी, स्वतःच्या पूर्वग्रहांवर गटात चर्चा आणि ती नाटकं. त्यानंतर एक गाडी चोवीस तास याच कामासाठी राखलेली. हद्दीत कुठूनही घरगुती भांडणाचा कॉल आला की हीच गाडी जायची. बाकीच्या वेळी या पोलिसांनी नेहमीची गस्त घालायची. हे बार्ड यांनी मुद्दाम ठरवलं होतं. पोलिसांना समाजसेवक बनवायचं नाही, त्यांनी पोलिसच राहायचं आणि एका विषयात तरबेज व्हायचं. समाजसेवक बनवलं असतं तर बाकीच्या पोलिसांनी त्यांना आपल्यातलं मानणं सोडलं असतं, आणि मग त्यांच्याकडून कोणी काही शिकलं नसतं.

अशा अभ्यासक्रमांतून आज जे शिकवलं जातं ते मी उत्सुकतेनं वाचलं, आणि त्यातलं बरंचसं ओळखीचं निघालं. आमच्याकडे त्याला ब्लॉकिंग म्हणतात, कोण कुठे उभा आणि कोणाच्या नजरेत. दारासमोर उभं राहायचं नाही, चौकटीच्या बाजूला राहायचं. वाजवण्याआधी थोडं थांबून ऐकायचं. आत किती आवाज आहेत, रडतंय कोण, लहान मूल आहे का. दार उघडल्यावर आधी नाव सांगायचं, का आलो ते सांगायचं आणि आत येऊ का म्हणून विचारायचं. हक्क असला तरी विचारायचं, कारण त्या घरात आत्ता कोणाचंच कोणी ऐकत नाहीये आणि विचारून आत येणारा माणूस तिथे नवीन असतो. टीव्ही चालू असेल तर बंद करायला सांगायचं. ही साधी विनंती माणूस मानतो का यावरून पुढचं पुष्कळ कळतं. दोघांना वेगळं करायचं, पण स्वयंपाकघरात कोणाला जाऊ द्यायचं नाही, सुऱ्या तिथे असतात. वेगळं करताना दोघांची पाठ एकमेकांकडे होईल असं बघायचं, आणि पोलिसांनी मात्र एकमेकांच्या नजरेत राहायचं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं बघायचं. शक्य असेल तर बसायचं. बसलेल्या माणसासमोर ओरडत राहणं अवघड जातं.

मग प्रश्न. ‘असं का केलंस?’ या प्रश्नाला भांडणारा माणूस उत्तर देत नाही, फिर्याद देतो. ‘काय झालं?’ विचारलं की तो गोष्ट सांगू लागतो, आणि गोष्ट सांगायला लागलेल्या माणसाचा श्वास हळूहळू जागेवर येतो. गप्प राहायलाही शिकवावं लागतं. नटाला सगळ्यात उशिरा येते ती गोष्ट म्हणजे समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकणं, कारण त्याचं लक्ष आपल्या पुढच्या वाक्याकडे असतं. ज्याचं सगळं प्रशिक्षण हुकूम देण्याचं, त्याला तर हे आणखी जड जात असणार. आणि घरात मूल असेल तर त्याच्याशी त्याच्या उंचीला येऊन दोन शब्द बोलायचे, पण आई-वडिलांची भाषा त्याला येते आणि पोलिसाला येत नाही म्हणून त्या मुलालाच दुभाषा करायचं नाही. असं करणं अनेकांना सोयीचं वाटतं. त्या मुलाला आईनं सांगितलेलं बापासमोर परक्या माणसाला सांगावं लागतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

इथवरचं सगळं शिकता येतं. महिन्याभरात येतं, नाटकांतून तर फारच चांगलं येतं. बार्ड यांच्या प्रयोगातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे आणि तो नाट्यमय अजिबात नाही. प्रशिक्षण संपल्यावर हे पोलिस दर आठवड्याला कॉलेजात परत येत. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी एकाशी समोरासमोर बोलणं आणि शिवाय सहा-सहा जणांच्या गटात चर्चा. त्या आठवड्यात कोणत्या घरी गेलो, काय केलं, कशानं चिघळलं, कशानं निवळलं. हे प्रयोगभर चालू होतं.

या आठवड्याच्या बैठकीत काय होत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. परक्या घरातलं भांडण बघताना कोणीही कोऱ्या मनानं बघत नाही. ज्याचा बाप पिऊन यायचा त्याला दारूचा वास आला की आतला माणूस दोषी ठरलेला असतो. ज्याची स्वतःची सोडचिठ्ठी चालू आहे त्याला समोरची बाई कांगावाखोर वाटू शकते. हे त्याला कळत नसतं. त्याला वाटतं, आपण पुरावा बघतोय. नटाला दिग्दर्शक सांगतो, बाबा रे, तू या पात्राचा राग करतोयस, त्याला समजून घेत नाहीयेस. पोलिसाला हे सांगणार कोण? वरिष्ठ सांगेल तर तो शेरा होतो, सहकारी सांगेल तर थट्टा. बाहेरचं कोणीतरी लागतं, ज्याच्या हातात बढती नाही आणि ज्याला थट्टेची सवय नाही. पंचविशीतला तो मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि समोर काही वर्षं नोकरी झालेला गस्तीवरचा पोलिस, सुरुवातीला एकमेकांना काय समजत असतील कोण जाणे. पण आठवड्यामागून आठवडे बसल्यावर काही तरी होतंच.

निकालाकडे येते. सुमारे बावीस महिन्यांत या तुकडीनं ९६२ कुटुंबांत मिळून १,३८८ वेळा हस्तक्षेप केला. पोलिसांच्या लोकप्रिय समजुतीप्रमाणे हे सगळ्यात धोक्याचे कॉल, तरी तुकडीतला कोणी गंभीर जखमी झाला नाही. ज्या घरांत ही तुकडी आधी जाऊन आली होती त्यांपैकी एकाही घरात पुढे खून झाला नाही. इथपर्यंतचं वाचून कोणीही टाळ्या वाजवेल. पण त्याच अहवालात हेही आहे की त्या काळात त्या हद्दीत कुटुंबातले खून कमी झाले नाहीत, उलट वाढले. जिथे खून झाले त्या घरांनी आधी बोलावलंच नव्हतं, असाही अर्थ काढता येतो आणि अठरा माणसांनी ८५ हजारांच्या वस्तीचं चित्र बदलत नसतं असाही. पैसे सरकारच्या न्याय खात्याचे होते आणि अहवाल त्यालाच द्यायचा होता. तरीही न आवडणारा आकडा आत ठेवला गेला. मला त्यामुळे आवडणाऱ्या आकड्यांवरही थोडा अधिक विश्वास बसतो.

धोक्याच्या समजुतीबद्दल थोडं. घरगुती भांडणाचा कॉल पोलिसासाठी सर्वांत जीवघेणा, हे अमेरिकी पोलिसांच्या शिकवणीत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आधार होता एफबीआयच्या आकडेवारीतल्या ‘गडबड-गोंधळ’ अशा एका रकान्याचा. त्या रकान्यात घरातल्या भांडणांच्या जोडीला दारूच्या गुत्त्यांतल्या मारामाऱ्या आणि रस्त्यावरच्या टोळक्यांचे दंगेही होते. १९८६ साली एका अभ्यासानं ही बेरीज सोडवून दाखवली तेव्हा धोका सांगितला जात होता त्याहून पुष्कळ कमी निघाला. धोका नाही असं कोणी म्हणत नाही. पण घाबरवून पाठवलेला माणूस दारात हात कमरेवर ठेवूनच उभा राहतो आणि आतला माणूस आधी तो हात बघतो.

आता या सगळ्या प्रयोगाची दुसरी बाजू. ती वाचल्यापासून पहिल्या बाजूचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते.

‘कौटुंबिक संकट’, ‘भांडण’, ‘वाद’ या शब्दांत दोन माणसं धरलेली असतात, साधारण सारख्या उंचीची. मध्ये तिसऱ्यानं बसायचं, दोघांचं ऐकायचं, मार्ग काढायचा. पण दार उघडल्यावर आत भांडण नसून मारहाण असेल तर? एकजण मारतोय आणि दुसरी मार खातेय, वर्षानुवर्षं, तर मध्ये बसणाऱ्यानं नेमकं कशाच्या मध्ये बसायचं? त्याच १९६७ साली पोलिसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं प्रशिक्षणासाठी काढलेल्या टिपणात अटकेचा अधिकार कौटुंबिक वादांत शेवटचा उपाय म्हणूनच वापरावा असा सल्ला होता. बार्ड यांचा हेतू वेगळा होता, पण त्यांची पद्धत पसरली ती या सल्ल्याच्या हवेत. अर्धवट उचलणाऱ्यांच्या हातात तिचं काय होणार हे कळायला विद्वत्ता लागत नाही. दोघांना समज दिली, नवऱ्याला एक फेरी मारून ये म्हणून सांगितलं, नोंद केली, निघालो.

कॅन्सस सिटीतला एक अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. घरातले खून आणि गंभीर हल्ले घेऊन मागे जाऊन पाहिलं, तर आधीच्या दोन वर्षांत त्या पत्त्यांवर पोलिस किमान एकदा जाऊन आल्याचं साधारण ८५ टक्के प्रकरणांत आढळलं. जवळपास निम्म्या प्रकरणांत पाच किंवा अधिक वेळा. म्हणजे शेवट कुठून कुठे चाललाय हे प्रत्येक भेटीत समोर होतं. बार्ड यांच्या समर्थकांनाही या आकड्याचा आधार वाटला, बघा, वेळेवर नीट हस्तक्षेप झाला असता तर. आणि स्त्री-चळवळीलाही, बघा, पाच वेळा जाऊन तुम्ही अटक केली नाहीत. आकडा एकच. मला दुसरं वाचन अधिक खरं वाटतं, पण पहिलं खोटं म्हणवत नाही.

बायकांनी पोलिसांवरच दावे लावायला सुरुवात केली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला. मग कनेटिकटमधल्या टॉरिंग्टन शहरावरचा खटला. तिथल्या एका स्त्रीनं वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याविरुद्ध महिनोन्‌महिने पोलिसांकडे दाद मागितली होती. १९८३च्या जूनमध्ये तिनं फोन केल्यावर पोलिस सुमारे पंचवीस मिनिटांनी आला. तोवर नवऱ्यानं तिला भोसकलं होतं, आणि पोलिस समोर असतानाही तो तिच्या डोक्यात लाथ घालू शकला. परक्यानं मारलं तर संरक्षण आणि नवऱ्यानं मारलं तर समजूत, हा भेद घटनेला मंजूर नाही, असं संघराज्य न्यायालयानं १९८४ साली म्हटलं. पुढच्या वर्षी ज्यूरीनं २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पोलिस खात्यांच्या वकिलांनी हा निकाल फार लक्षपूर्वक वाचला. प्रशिक्षणात नंतर जे बदल झाले त्यात करुणेचा वाटा किती आणि या आकड्याचा किती, हे मी तुमच्यावर सोडते.

त्याच सुमारास मिनियापोलिसमध्ये एक प्रयोग झाला, १९८१-८२ मध्ये, लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांचा. बार्ड यांच्या नाटकांच्या अगदी उलट्या टोकाचा. पोलिसांकडे रंगीत पानांची नोंदवही दिलेली. किरकोळ मारहाणीचं प्रकरण आलं की वरचं पान कोणत्या रंगाचं ते बघायचं. एका रंगाला अटक, दुसऱ्याला समजूत, तिसऱ्याला मारणाऱ्यानं आठ तास घराबाहेर राहायचं. रंगांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. इथे शेवट आधीच छापून आलेला, घरात काय दिसलं याला किंमत नाही. शास्त्राला हे लागतं हे समजतं, तरी त्या पोलिसाच्या जागी उभं राहून बघा. सहा महिन्यांत पुन्हा मारहाण झाल्याचं पोलिसांच्या नोंदींत दिसलं ते असं: अटक केलेल्यांत सुमारे १० टक्के, समज दिलेल्यांत १९, बाहेर पाठवलेल्यांत २४. प्रकरणं ३१४. निष्कर्ष १९८४ साली आले आणि एकेक राज्य अटक सक्तीची करत गेलं.

मग तोच प्रयोग इतर शहरांत झाला आणि निकाल फाटले. काही ठिकाणी अटकेनं विशेष फरक पडला नाही. मिलवॉकीत नोकरी असलेले अटकेनंतर वचकले, बेकार असलेले अधिक हिंसक झाले. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही आहे त्यालाच लाज अडवते, असा काहीसा त्याचा अर्थ. शिवाय सक्तीच्या अटकेचा एक भलताच परिणाम झाला. अंगावर ओरखडे दोघांच्याही असले की दोघांनाही पकडून न्यायचं. मान सोडवण्यासाठी तिनं त्याच्या हाताचा चावा घेतला असेल तर दातांचे व्रण त्याच्या हातावर. तिच्या मानेवर कदाचित काहीच नाही. वॉशिंग्टन राज्यानं १९८५ मध्ये कायद्यात सुधारणा करून मुख्य आक्रमक कोण ते पोलिसानं ओळखावं असं म्हटलं. म्हणजे फिरून गाडी पुन्हा त्याच दारात, बघता आलं पाहिजे.

आणि बघणं फसवं असतं. मारणारा बहुधा शांत असतो. दार तो उघडतो, साहेब म्हणतो, थोडं हसतोही. तिचे केस विस्कटलेले, बोलणं तुटक, काळवेळाचा क्रम चुकलेला, पोलिसांवरच खेकसते. रंगमंचावर असा प्रवेश लावला आणि प्रेक्षकांना विचारलं की यांतला विश्वासार्ह कोण, तर मला उत्तर माहीत आहे. आवाजाची पातळी आणि खरेपणा यांची आपण मनात घातलेली सांगड सोडवायला महिना पुरत नाही. भेदरलेल्या माणसाची स्मृती तुकड्यांत येते, आणि त्याला पुन्हा पुन्हा क्रम विचारला तर विसंगती वाढतात, हे आता शिकवलं जातं. गळा दाबल्याच्या खुणा बाहेरून न दिसणं सर्रास असतं, म्हणून आवाज बसलाय का, गिळायला त्रास होतोय का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, हे बघायला शिकवतात. याचं कारण साधं नाही. आधी कधी गळा दाबला गेला असेल तर त्या स्त्रीचा पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सातपट होते, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक बाईंनी धोक्याच्या अशा खुणा १९८०च्या दशकापासून गोळा केल्या. त्यावर आधारलेले अकरा प्रश्न मेरीलँडचे पोलिस २००५ पासून दारातच विचारू लागले. त्याच्याकडे बंदूक आहे का, जिवे मारीन म्हणाला होता का. उत्तरं अमुक प्रकारची आली की तिथूनच मदतकेंद्राला फोन लावायचा आणि तिच्या हातात द्यायचा.

ही यादी मला पटते. फक्त ती कशी विचारली जाते यावर सगळं आहे. खाली मान घालून फॉर्म भरल्यासारखं ‘गळा दाबला होता? हो का नाही?’ विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि कागदावर ते घर सुरक्षित होईल.

घरातलं प्रत्येक संकट मारहाणीचं नसतं, हे इतकं लिहून झाल्यावर पुन्हा सांगावं लागतंय. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७च्या सप्टेंबरात एका आईनं पोलिसांना बोलावलं. तिचा सत्तावीस वर्षांचा मुलगा मनोरुग्ण होता, हातात सुरी होती, स्वतःलाच जखमा करत होता. पोलिस आले, सुरी टाक म्हणाले, त्यानं टाकली नाही आणि त्यांनी गोळ्या घातल्या. तो गेला. त्यानंतर १९८८ साली तिथे जी पद्धत उभी राहिली ती आज मेम्फिस मॉडेल म्हणून ओळखली जाते. चाळीस तासांचं प्रशिक्षण, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक स्वतः येऊन बोलणार, आणि रुग्णाला न्यायला एक असं ठिकाण जिथून पोलिसाला लवकर मोकळं करतील. हा शेवटचा मुद्दा कोणाला सुचला त्याला माझा नमस्कार. रुग्णालयात चार तास ताटकळावं लागणार असेल तर थकलेला पोलिस माणसाला कोठडीत टाकतो, तिथे घेतात म्हणून.

मेम्फिसवाले एका बाबतीत हट्टी होते. हे काम मागून घेणाऱ्यांनाच द्यायचं. पुढे पुष्कळ शहरांनी ते चाळीस तास सगळ्यांना सक्तीचे केले. ऐकायला चांगलं वाटतं, सगळेच प्रशिक्षित. पण ज्याला लोकांच्या घरात जाऊन बसायचा मनापासून कंटाळा आहे त्याला चाळीस तास वर्गात बसवून निघतं काय? एक प्रमाणपत्र निघतं. नाटकात ज्याला प्रवेशच करायचा नाही त्याला ढकलून पाठवलेला मी पाहिला आहे, आणि तो बाकीच्यांचाही प्रवेश घालवतो. पण रात्री पाळीवर मागून घेणारा नसेल तर कॉल न मागणाऱ्याकडेच जाणार, हेही खरं. बार्ड यांच्या अठरांपासून हा पेच तसाच आहे आणि मला त्यावर तोड सुचत नाही.

दुसरीकडे काही जणांनी वेगळीच वाट काढली, पोलिसाला सगळं शिकवण्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरं कोणी बसवायचं. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्याच आवारात बसणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. साओ पाउलोत पुढच्याच वर्षी स्त्रियांनी चालवलेलं, स्त्रियांसाठीचं ब्राझीलमधलं पहिलं पोलिस ठाणं निघालं. दोन्ही कल्पना टिकल्या, पसरल्या. त्यांची मर्यादा घड्याळाची आणि पायांची. ज्या बाईला ठाण्यापर्यंत पोचता येतं तिच्यासाठी ते दार आहे. जी बाथरूमला आतून कडी लावून कुजबुजत फोन करतेय तिच्याकडे जी गाडी जाईल ती नेहमीचीच.

एक प्रश्न या सगळ्या अभ्यासक्रमांत फार हळू आवाजात येतो, पोलिसाच्या स्वतःच्या घराचा. अमेरिकेत १९९६ साली कायदा झाला की घरगुती मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येणार नाही, आणि यातून पोलिसांना सूट दिली नाही. बंदूक गेली की बहुतेकांची नोकरी जाते. म्हणजे पोलिसाच्या बायकोनं तक्रार करायची ती नवऱ्याच्या मित्रांकडे, आणि ती खरी ठरली तर घरातली मिळकत बंद. आणि कॉल घ्यायला आलेला मित्रही हे गणित जाणतो. हुकमी आवाज, घरात शिरताच घराचा ताबा घेण्याची सवय, प्रश्न विचारणं आणि उत्तर न पटणं, ही या नोकरीची हत्यारं पाळी संपल्यावर कपाटात ठेवायला कोणी शिकवतं का? प्रशिक्षणाच्या वर्गात असे प्रसंग परक्या कुटुंबाचे म्हणून केले जातात. समोर बसलेल्यांपैकी एखाद्याला ते परके वाटत नसतील.

म्हणून मी पुन्हा त्या आठवड्याच्या बैठकीकडे वळते. १६० तास, ४० तास, ८ तास, आता तर संगणकासमोर बसून पुढचं-पुढचं दाबत संपवायचे धडे. तासांची मोजदाद सगळ्यांना जमते, कारण तास अहवालात लिहिता येतात. बार्ड यांच्या पद्धतीचं वर्णन जिथे जिथे सापडलं तिथे नाटकांचा उल्लेख असतोच, माझ्यासारख्या वाचकांना ती आवडतात. बैठकीचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतो. तिचा खर्च नाटकांहून कमी, पण तो दर आठवड्याला येतो. सहा माणसं रस्त्यावरून काढून खोलीत बसवायची आणि त्या वेळात हद्दीत काही झालं तर पाळीच्या अधिकाऱ्यानं जबाबदारी घ्यायची. त्या खोलीतून बाहेर पडताना त्यांच्या हातात दाखवण्यासारखं काही नसतं, आणि आत काय बोललं गेलं ते वर कळवायचंही नसतं, नाहीतर कोणी बोलणार नाही. असा तास मंजूर करायला कोणत्या रकान्यात लिहायचा, हे बार्ड यांच्या प्रयोगाची मुदत संपल्यावर न्यूयॉर्कच्या कुठल्या तरी अधिकाऱ्याला सुचलं नसावं. त्यात त्याचा फार दोष आहे असंही मला वाटत नाही. आमच्या संस्थेतसुद्धा प्रयोगानंतर बसून बोलायची पद्धत होती. नाट्यगृहाचं भाडं वाढलं, नेपथ्य लवकर उतरवावं लागू लागलं, आणि सगळ्यात आधी तीच गेली.